चवीपुरतं

आवेइरूच्या मिठागरांवर मी कारकून होतो.
वय एकोणीस,
माझ्याहून नोंदवहीला मान जास्त.
त्या साली फर्मान निघालं:
दर ढिगामागे तीन एस्कुदो.
ढीग कशाला म्हणायचं
हे लिहायचं राहूनच गेलं होतं.

पुढे इन्स्पेक्टर एव्हारिश्तु, मागे मी,
खाली चिखल, वर डोळे दिपवणारं पांढरं ऊन.
सतराव्या वाफ्यावर देओलिंदा
फावड्याला टेकून उभी,
टाचांच्या भेगांत मीठ मुरलेलं.
"एक ढीग," साहेब म्हणाले.
मी लिहिलं: एक.

"थांबा की," ती म्हणाली,
आणि साहेबांच्या तळहातावर
मिठाचा एक कण ठेवला.
"हा ढीग?"
"छे!"
आणखी एक. "आता?"
"बाई, एका कणाने काय होतंय?"
"काही होत नाही ना? तसं लिहून द्या."

साहेबांनी दिलं लिहून.
सही, शिक्का, तारीख:
जो ढीग नाही, त्यात एक कण घातला
तरी त्याचा ढीग होत नाही. कधीही.
(त्या 'कधीही'ने घात केला.)

"मग माझ्या वाफ्यात ढीग आलाच कुठून?
मी तर कणाकणानेच ओढलंय हे,
मे महिन्यापासून."

साहेब आधी हसले, मग लालेलाल झाले.
"दहा हजार कण म्हणजे ढीग! लिही!"
मी लिहिलं.
"आणि नऊ हजार नऊशे नव्याण्णव?" तिने विचारलं.
"तो ढीग नाही!"
"असं कसं? एका कणाने काय होतंय?"

शेवटी मला मोजायला बसवलं.
टोपी उलटी करून, गुडघे टेकून
मी चारशे बारापर्यंत पोचलो
आणि समुद्रावरून वारा आला.
त्याने वहीही चाळली नाही,
सरळ बेरीजच उचलून नेली.

दुपारी तिनेच आम्हाला जेवू घातलं.
मक्याची भाकर, बटाट्याचं कालवण.
"अळणी आहे," साहेब म्हणाले.
तिने दोन बोटांनी मीठ भुरभुरलं.
"आता?"
"अजून थोडं."
"आता?"
"हां. बस."
"कुठल्या कणाला बस झालं, साहेब?"

साहेबांचा घास हातातच राहिला.
खारफुटीत कुठलासा पक्षी
एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता.

मग ती, भांडी विसळता विसळता,
आमच्याकडे न बघता:
"आमचा ज्वाकीं कॉडच्या बोटीवर गेला,
ग्रीनलंडच्या बाजूला. आमचंच मीठ भरून.
पहिल्या साली सहा पत्रं.
मग चार.
मग नाताळाचं एक,
मग दुसऱ्याच्या पत्रात खाली
'ज्वाकींचा नमस्कार'.
शेजारणी विचारतात, टाकून गेला का गं?
मी म्हणते, दर साली एकच तर पत्र कमी होतंय.
एका पत्राने काय होतंय."

सहातून चार गेले की दोन जातात,
हे मला कळलं. कारकून होतो.
पण ते बोलून दाखवण्याइतका
कारकून मी नव्हतो.

साहेबांनी ताटली चाटूनपुसून साफ केली,
घसा खाकरला, टोपी घातली
आणि म्हणाले, "लिही तुला दिसतंय ते."
खाल्ल्या मिठाला इतकं तरी जागले.

मी लिहिलं:
वाफा सतरा. मीठ आहे.

महिन्याभराने लिस्बनहून पान परत आलं.
समासात लाल शाईने एकच शब्द:
किती?

रात्रभर दिवा जळत ठेवला.
दहा हजार लिहिलं, खोडलं.
एक लिहिलं, तेही खोडलं.
पहाटे वहीची पानं खाऱ्या हवेने सादळली होती,
जीभ ओठांवर फिरवली
आणि सुचलं.

उलट टपाली उत्तर धाडलं:
चवीपुरतं.

माझ्या पगारातून तीन एस्कुदो कापले गेले.
ते मात्र त्यांनी
अगदी अचूक मोजले होते.